पदर छतासाठी होता

छत खाली आलं तेव्हा तू खिरीची बादली घेऊन बेडरूमच्या दारात उभा होतास, आणि आत गादीवर तुझी नात परी झोपली आहे असं आपण सगळे धरून चाललो होतो.

आवाज फार मोठा झाला नाही. गव्हाचं पोतं खांद्यावरून टाकावं तेवढाच. मग खोलीतून पांढरी धूळ बाहेर आली आणि तुझ्या तोंडावर, खिरीवर, हॉलमध्ये पंगतीला बसलेल्यांच्या ताटांत जाऊन बसली. तू बादली खाली ठेवलीस, तीसुद्धा नीट कडेला, कोणाचा पाय लागू नये अशी. मग आत जाऊन दोन्ही हातांनी गिलावा उपसायला लागलास. परातीएवढाले तुकडे होते. "परी, परी" म्हणत तू एक मोठा तुकडा उचललास, आणि खालून जो हात वर आला तो केसाळ होता.

व्याही उठून बसले. तुझ्या लेकीचे, सुजाताचे, सासरे. डोकं, मिशा, बनियन, सगळं पांढरं, आणि कपाळावरून रक्ताची एक रेघ खाली चाललेली. त्यांनी आपल्या सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "लाईट गेली का वो?"

तेवढ्यात मोरीचं दार उघडलं. सुजाता परीला काखेत मारून बाहेर आली. पोरीने नवी गादी ओली केली म्हणून तिला उचलून धुवायला नेलं होतं. नळाच्या आवाजात तिला काही कळलंच नव्हतं. ती म्हणाली, "काय सांडलं?"

तू त्या ढिगाऱ्यावर बसलास. माझ्याकडे बघून म्हणालास, "आक्का, तू सांगितलं न्हाईस."

मी म्हटलं, "मी पदर घेतला हुता."

हा वाद तिथे सुरू झाला आणि तू मेलास तरी मिटलेला नाही. म्हणून लिहायला बसले आहे. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, तुला चुका सापडतील. तुला चुका सापडायच्याच. दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला पदराचं काही कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला ठाऊक आहे म्हणून मधेमधे बोलू नकोस.

सुदाम, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक बोलले. मी मोठी बहीण, पण मला कोणी माईक दिला नाही, ते बरंच झालं. तुझ्या कंपनीतला एक जण म्हणाला, सुदामभाऊंनी आयुष्यात कोणाला दुखावलं नाही. मला वाटलं, हा चुकून दुसऱ्याच्या कार्यक्रमाला आला असेल. कंपनीत तू अर्धं आयुष्य प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनींच्या आवाजात काढलंस, आणि कान गेल्यावर तुला क्वालिटीत टाकलं. तिथे तुझं काम एवढंच, माल बघायचा आणि ओके म्हणायचं नाहीतर रिजेक्ट. रिटायर झालास तरी ते तोंडातून गेलं नाही. तुझी बायको शांता गेल्यावर तू माझ्याकडे कुरुळीला राहायला आलास, तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आधी माझं घर रिजेक्ट केलंस. चौकट तिरकी. मोरीचा उतार उलटा. पत्र्याला खिळे कमी. मी म्हटलं, "मग जा."

तू म्हणालास, "जेवून जातो."

आणि राहिलास. माझ्या भाकरीला कडेला चीर पडली तरी तू ती उजेडात धरून बघायचास. मी म्हणायचे, रिजेक्ट असंल तर ठेव, कुत्रं खाईल. मग खायचास.

घरं तपासायचं काम तू शोधलं नाहीस, ते तुझ्याकडे चालत आलं. तुझ्या एका जुन्या दोस्ताच्या मुलाने चऱ्होलीत फ्लॅट घेतला. चावी घ्यायच्या दिवशी, काका सोबत चला, म्हणून तो तुला घेऊन गेला. तिथे तू मोरीत बादलीभर पाणी ओतलंस. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं. बिल्डरचा इंजिनिअर म्हणाला, "जाईल काका, हळूहळू जाईल."

तू म्हणालास, "जाईल की. बेडरूममधी जाईल."

सगळी फरशी उखडून परत बसवावी लागली. त्यानंतर लोकांचे फोन यायला लागले. एवढे पैसे घालून घर घेणारा माणूस चावी हातात पडताना घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाला बरोबर एक कुरकुरा म्हातारा असला की बरं वाटतं. तुला काय म्हणायचं हे मात्र कोणाला सुचेना. कोणी इन्स्पेक्टर म्हणायचं. सोसायटीच्या गेटवर "इन्स्पेक्टर आलेत" म्हटलं की वॉचमन आधी तंबाखूची पुडी खुर्चीखाली सरकवायचा. तू त्याला सांगायचास, "मी तो इन्स्पेक्टर न्हाई." मग तो विचारायचा, मग कुठला?

लोकांचे प्रश्नही कसले. अर्ध्या लोकांना ओल, वायरिंग, काही नको. त्यांना ईशान्य कोपरा कुठे ते पाहिजे. तू म्हणायचास, "ताई, ईशान्येचं मला ठावं न्हाई. पाणी कुठं तुंबंल ते सांगतो." एका बाईने तरी सोडलं नाही. शेवटी तू सगळीकडे फिरून एका कोपऱ्याकडे बोट दाखवलंस आणि सांगितलंस की हितं सोडून कुठंबी देव बसवा, हितं वरच्याची मोरी हाय. ती समाधानाने गेली. बाहेर आल्यावर मला म्हणालास, "आपल्याला कशाला पायजे ईशान्य." मी म्हटलं, तुला विचारलंय कोणी.

माणला त्या आयटीतल्या जोडप्याची बेल तुला आठवत असेल. त्यांची बेल दाबली की समोरच्यांच्या घरात वाजायची आणि समोरच्यांची ह्यांच्या. राहायला आल्यापासून दोन्ही घरं एकमेकांच्या पाहुण्यांना दार उघडून वैतागली होती. तू डबा उघडून वायर दाखवलीस, दहा मिनिटांचं काम आहे म्हणालास. तर ती पोरगी म्हणाली, "राहू द्या काका. त्यामुळेच तर शेजारी कळले." तू जिन्याने उतरताना सगळा वेळ बडबडत होतास, की लोकांना घर नीट नको असतं तर मला बोलावतात कशाला.

आणि त्या ओल्या भिंतीचं तर तुझ्या पुण्यानुमोदनाला कोणीच काढलं नाही. मोशीला एका घरात हॉलची भिंत सारखी ओली. तू हात लावलास, कान लावलास, ज्यातून तुला काही ऐकू येत नव्हतं तो कान, आणि सांगितलंस की आतला पाइप गळतोय. भिंत फोडली. पाइप कोरडा ठणठणीत. तू म्हणालास, अजून खाली असंल. अजून फोडली. घरातली म्हातारी हा सगळा तमाशा बाल्कनीतून बघत होती, आणि बघता बघता भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या टबातल्या कोथिंबिरीला तांब्याने पाणी घालत होती. दिवसातून तीनदा घालायची. टबाला खाली भोक होतं. निघताना तिने आपल्याला कोथिंबिरीची जुडी दिली. तू घेतली नाहीस. मी घेतली.

आता पदराचं.

फरशी किंवा गिलावा आतून सुटला असेल तर वरून काही दिसत नाही. वाजवून बघावं लागतं. चिकटून बसलेली फरशी खणखणीत वाजते, खाली पोकळ असली की बोदा आवाज येतो. बाया बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून घेतात, तेच हे. पण प्रेस शॉपने तुझे कान खाल्ले होते. तुला खणखणीत आणि बोदा सारखेच. कानाचं मशीन सुजाताने आणून दिलं होतं, ते तू डब्यात ठेवलंस. म्हणायचास, "त्यात नुसता पंखा आईकू येतो." आणि गिऱ्हाइकाला कळता कामा नये की इन्स्पेक्टर बहिरा आहे. म्हणून मला बरोबर घेतलंस. तू काठीने ठोकायचं, मी ऐकायचं.

पहिल्या घरात मी तोंडाने सांगितलं. "ही बोदी हाय." बिल्डरचा माणूस हसला. "आजी, तुम्हाला भास होतोय." मग त्याने स्वतः ठोकून दाखवलं आणि म्हणाला, बघा, छान वाजते. मी म्हटलं, तुझं डोकं वाजव, तेबी असंच वाजंल. त्यावरून भांडण झालं आणि गिऱ्हाईक कावरंबावरं झालं. रिक्षात तू मला दम दिलास. "तू बोलायचं न्हाई. खूण करायची. बोदं असलं तर पदर डोक्यावर घ्यायचा. खणखणीत असलं तर खांद्यावर ऱ्हाऊ द्यायचा. म्हातारी बाई पदर सावरती, कोणाला काय कळतंय?"

मला पटलं. चांगली युक्ती होती, आणि बरेच दिवस चालली. तू ठोकायचास, तिरक्या नजरेने माझ्याकडे बघायचास, आणि डोक्यावर पदर दिसला की खडूने फरशीवर फुली मारायचास. लोक म्हणायचे, काकांचा कान काय तयार आहे.

सुजाताच्या घराआधी बिघडलं ते एकदाच. मोशीलाच एका इमारतीत शेजारच्या फ्लॅटमध्ये कडाप्पा कापायचं काम सुरू झालं. इतकी धूळ आली की मी डोकं झाकलं, नाकावरही पदर घेतला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. तू आपला ठोकतोयस आणि फुली मारतोयस. ठोकतोयस, फुली. मी वळून बघितलं तेव्हा नवा कोरा हॉल शाळेतल्या फळ्यासारखा झाला होता आणि बिल्डरचा तो तरुण इंजिनिअर भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "काका, एक तरी ओके असेल ना?" मी पदर खाली घेतला. तू माझ्याकडे बघितलंस, फरशीकडे बघितलंस, आणि म्हणालास, "परत एकदा बघतो. खडू वला हुता." खडू ओला असण्याचा आणि फुलीचा काय संबंध, हे त्या पोराने विचारलं नाही. सुटका झाल्याच्या आनंदात होता.

त्या दिवशी मी म्हटलं, धुळीसाठी वेगळी खूण ठेवू. तू म्हणालास, ठेवू. ठेवली नाही.

मग सुजाताचं घर आलं. चऱ्होलीला, आळंदीकडे तोंड केलेल्या इमारतीत. आपल्या घरात कोणी आधी फ्लॅट घेतला नव्हता. तुझी एकुलती एक मुलगी, जावई अमोल चाकणला कंपनीत, परी अजून बोबडं बोलणारी, आणि गेल्या वर्षापासून अमोलचे वडील परभणीकडून त्यांच्याकडे राहायला आलेले. चौघं भाड्याच्या दोन खोल्यांत. परीला खोकला लागला की सगळं घर जागं. सुजाताला एकच पाहिजे होतं, पोरीला झोपायला वेगळी कोरडी खोली. तू तिला म्हणाला होतास, "तुझं घर मी बघून दिल्याबिगर तू चावी घ्यायची न्हाईस." ह्याच कामासाठी तू एवढी वर्षं कंपनीत राबलास, असं तुझं तोंड झालं होतं.

तपासायच्या दिवशी सगळेच आले. व्याहीही आले. व्याही समोर आले की मी पदर घेते. आईने शिकवलंय, आता मोडणार नाही. ते माझ्याहून लहान असतील, तरी व्याही ते व्याही. तर मी दारातून आत शिरले ती पदर घेऊनच. तू पहिली फरशी ठोकलीस, वळून माझ्याकडे बघितलंस, मग व्याह्यांकडे बघितलंस, आणि मान हलवलीस. मला वाटलं तुला कळलं. म्हणजे, आज पदराची खूण चालायची नाही, दुसरं काही बघावं लागेल, हे कळलं. तुला कळलं होतं ते वेगळंच. आज पदर व्याह्यांसाठी आहे, तेव्हा तो धरायचाच नाही, सगळं ओके. एका मान हलवण्यात बहीणभावाने दोन वेगळी बोलणी केली.

फरशा चांगल्याच होत्या, त्यामुळे हॉलमध्ये काही अडलं नाही. मग बेडरूममध्ये तू लांब काठी घेऊन छत ठोकायला लागलास. मधोमध, पंख्याच्या हुकाच्या अलीकडे, बद्द वाजलं. मी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. तू पुढे ठोकलंस. परत बद्द. मी पदर नाकापर्यंत ओढला. ह्याहून पुढे ओढायला माझ्याकडे लुगडं नव्हतं. तू माझ्याकडे बघून हसलास. नंतर म्हणालास, "मला वाटलं इवायाला लाजतीस." ह्या वयात मी लाजू? आणि त्या बनियनवाल्या माणसाला?

व्याही खिडकीपाशी उभे राहून म्हणत होते, "लई झ्याक हवा येऊ लागली बगा." सुजाता परीला कडेवर घेऊन खोलीभर फिरत होती. हा तुझा पलंग, हे तुझं कपाट. तू ते बघत होतास. छत बघत नव्हतास. तू खिशातला खडू बाहेरच काढला नाहीस.

तरी मी विचारलं. घरी जाताना रिक्षात विचारलं, हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. मी म्हटलं, "छताचं सांगितलंस ना त्यांना?"

तू म्हणालास, "छानच हाय. सांगायचं काय त्यात."

मी समजले, सांगितलं असेल, दुरुस्त करून देणार असतील. मला वाटलं तू काम झाल्यावर छत छान होईल असं बोलतोयस. तू छताचं ऐवजी छान ऐकलंस, तुला वाटलं मी घराचं कौतुक करतेय. बहिऱ्या माणसाने रिक्षात कोणाला उत्तर देऊ नये.

पुढचं वरती लिहिलंच आहे. गृहप्रवेशाला फोटोला हार घातला, वंदना झाली, पंगत बसली, आणि व्याही दोन वाट्या खीर पिऊन नातीच्या शेजारी आडवे झाले. बिचाऱ्यांच्या कपाळाला टाके पडले, खांदा काळानिळा. दवाखान्यात टाके घालून घेताना ते एका खुर्चीत आणि आपण दोघं दोन बाजूंना.

"पदर छतासाठी हुता," मी म्हणाले.

"इवायासाठी हुता," तू म्हणालास. "त्यो आत आला तवाच तू घेतलास. म्या बघितलं."

"आधी त्यांच्यासाठी हुता. मग छतासाठी ओढला."

"एका पदरात दोन कामं? मला कसं कळंल?"

"नाकापर्यंत कोण ओढतं इवायासाठी?"

व्याही मधून म्हणाले, "विहीणबाई, माझ्यापाई घेत असताल तर नका घेऊ बरं पदर. लई महाग पडू लागलाय मला." डॉक्टरीणबाईंची सुई हातातच राहिली.

हसलो खरे. पण सुजाता हसली नाही. ती दवाखान्याच्या दारात परीला घट्ट धरून उभी होती. तुला म्हणाली, "बाबा, लोकांच्या घरात फुल्या मारत फिरता. माझ्या घरात तुम्हाला खडू सापडला नाही का?" उलटं बोलायला तू कधी मागे राहणारा नव्हेस. त्या दिवशी राहिलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तू डब्यातलं मशीन काढून कानात घालून बसला होतास. म्हणालास, "आक्का, तू चहा पिताना एवढा आवाज करतीस?" त्या दिवसापासून माझे हाल. पत्र्यावर कावळा बसला तरी तुला कळायचं. माझे गुडघे वाजतात हे तू मला सांगितलंस. मी झोपेत आईशी भांडते हेही सांगितलंस. काय भांडते ते मात्र सांगितलं नाहीस. तेवढी लाज तुला होती.

बिल्डरचा माणूस म्हणाला, पडलं तेवढं लिंपून देतो. सुजातालाही तेच चालणार होतं. भाड्याच्या खोल्या सोडायचं मालकाला सांगून झालं होतं. तू अडून बसलास. घरातल्या सगळ्या खोल्यांचा छताचा गिलावा उतरवा, नवा करा, मग माझी नात त्याखाली झोपेल. रोज कुरुळीहून दोन रिक्षा बदलून त्या ऑफिसात जाऊन बसायचास. ते तुला चहा द्यायचे. तू चहा प्यायचास आणि परत तेच म्हणायचास. सुजाता तुझ्याशी धड बोलत नव्हती. मला फोन करून म्हणायची, "आत्या, त्यांना सांग, आता बास. आम्हाला राहायला जाऊ दे." मी तुला सांगितलं नाही. तुला मशीन होतं, तरी सांगितलं नाही. तुझं बरोबर होतं म्हणून. हे तुझ्या तोंडावर मी म्हटलं नसतं, आता म्हणते.

शेवटी त्यांनी काम काढलं. गिलावा उतरवायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात तू गेलास. सकाळी चहा घेताना कप खाली ठेवलास, छातीत जड वाटतंय म्हणालास, आणि गाडी येईपर्यंत संपलास. ज्या घराला तू रिजेक्ट केलं होतंस त्याच घरात, तिरक्या चौकटीखालून तुला बाहेर काढलं. कानात मशीन तसंच होतं. ते मी काढलं.

मी रडले का असं बाया विचारतात. मला राग आला होता. वाद अर्धा टाकून माणूस उठून जातो, ह्याला काय म्हणायचं. आणि आता सकाळी भाकरी उजेडात धरून बघणारं कोणी नाही, तर ती मीच बघते. कडेला चीर असते.

एक मात्र आहे. तुझ्याबरोबर फिरायच्या आधी मी लोकांच्या नव्या घरांत शिरले ती फरशी पुसायला. तुझ्यामुळे फरशी पास करायला गेले. लोकांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, एका घरातल्या पोराने तर, आजी सेल्फी, म्हणून माझा फोटो काढला. बाराव्या मजल्यावरून मी आपल्या भागातली गावं बघितली, आपला पत्रा शोधला, सापडला नाही. हे सगळं मला आवडत होतं. तुला म्हणून दाखवलं नाही. तू लगेच म्हणाला असतास, मग दोन घरं जास्त करू.

तू गेल्यावर महिन्याभरात छताचं काम झालं. सुजाताचा फोन आला. म्हणाली, "आत्या, तू चल. तू ऐकलंस म्हणजे झालं." अमोलची शिफ्ट होती. काठी कोण धरणार? व्याही म्हणाले, "म्या धरतो की. मला छताचा अनुभव हाय." ते तुरी झोडपल्यासारखे ठोकत होते. मी म्हटलं, "इवाई, हळू. पाडायचं न्हाई, वाजवायचं हाय." सुजाता परीला घेऊन दारात उभी होती. टेम्पो दुसऱ्या दिवशीचा ठरला होता.

हॉल खणखणीत. स्वयंपाकघर खणखणीत. बेडरूमच्या मधोमध, जिथून पडलं होतं, तिथेही चांगलं वाजलं. खिडकीकडच्या कोपऱ्यात हातभर जागा बद्द वाजली. व्याह्यांनी परत ठोकलं. परत बद्द. ते माझ्याकडे बघायला लागले. सुजाताही बघायला लागली. तिचं तोंड बघून मला कळलं की त्या दिवशी तू छताकडे का बघितलं नव्हतंस.

ती म्हणाली, "आत्या, एवढंसंच आहे ना? खाली कपाट येतंय तिथे."

मी म्हटलं, "बोदं हाय. काढायला लाव."

तिने परीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग टेम्पोवाल्याला फोन लावला आणि म्हणाली, "दादा, पुढच्या आठवड्यात या." फोन ठेवून ती खिडकीपाशी गेली आणि तिथे रडली. तू गेल्यापासून ती रडली नव्हती, हे मला त्या वेळी लक्षात आलं. व्याही काठी भिंतीला टेकवून तिच्याजवळ गेले आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "हवा लई झ्याक येऊ लागली बग."

तो कोपरा काढून परत केला. मी परत जाऊन ऐकला. आता ते लोक तिथे राहायला गेले आहेत. परी त्या खोलीत झोपते. व्याहीही दुपारी तिथेच झोपतात, मला ते धाडसच वाटतं. पदर कोणासाठी होता हे त्यांना मी विचारलं, तर म्हणाले, आधी माझ्यासाठी, मग छतासाठी. म्हणजे निकाल माझ्या बाजूने लागला आहे. तुला कळवते.

छत पडलं त्या दुपारी घरात पुष्कळ पाहुणे होते, ते जेवून आपापल्या गावी गेले. घरच्यांपैकी तू गेलास, आता सुजाता, अमोल, परी, व्याही आणि मी, एवढे आहोत.